टाच, सुई आणि गोठवलेली बाटली

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसायचा. दहा पावलं चालले की जरा बरं. घरभर अनवाणी, पायाखाली कोटा फरशी. आठ महिने असंच काढलं. प्लँटर फॅसिआयटिस, म्हणजे तळव्याचा जाड पट्टा टाचेच्या हाडाशी दुखावलेला.

धाकट्या जावेलाही हेच दुखणं. तिनं टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. आठवड्यात बाई इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खायला हजर! तिसऱ्या महिन्यात पुन्हा लंगडत. डॉक्टर दुसरं द्यायला नाखूश. वारंवार घेतलं तर टाचेची चरबीची गादी झिजते, क्वचित तो पट्टाच तुटतो.

मी व्यायाम धरला (खरं कारण सुईची भीती). उठण्याआधी पाय मांडीवर घ्यायचा, बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. संध्याकाळी गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवायची. सासूबाईंना स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, म्हणून तिथली मऊ जोडी वेगळी ठेवली. दीड महिना ढिम्म फरक नाही. चौथ्या महिन्यात राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्रीपर्यंत चालत गेले, आणि परतही.