पुलिंगचा गार्डन ट्रॅक्टर बांधताना आधी वजन, मग इंजिन

गार्डन ट्रॅक्टर पुलिंगसाठी ट्रॅक्टर बांधायला घेतलेल्या माणसाशी बोलू लागले की विषय बहुधा इंजिनापासून सुरू होतो आणि इंजिनापाशीच संपतो. माझे मत असे की पहिला वेळ आणि पहिला पैसा वजनाच्या मांडणीवर खर्च करावा, कारण चाकांना मातीत पकडच मिळाली नाही, तर इंजिनाची वाढीव ताकद केवळ माती उडवण्यात जाते.

अमेरिकेत रुजलेल्या या खेळात घरामागच्या बागेसाठी बनवलेल्या छोट्या ट्रॅक्टरला साखळीने स्लेड, म्हणजे ओझ्याची घसरगाडी, जोडतात, आणि जो ट्रॅक्टर हा स्लेड सर्वांत लांब ओढत नेईल तो जिंकतो. पूर्वी धावपट्टीच्या कडेला उभी असलेली माणसे स्लेड जवळून जाताना एकेक करून त्यावर चढत आणि ओझे वाढत जाई. आताच्या स्लेडवर वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. स्लेड पुढे सरकू लागला की त्याच्याच चाकांच्या गतीने ती पेटी पुढे येते आणि भार चाकांवरून उतरून मातीत घासत जाणाऱ्या पुढच्या तव्यावर जातो. एकूण वजन तेवढेच राहते, पण घर्षण वाढत जाते आणि अखेरीस ट्रॅक्टर थांबतो.

वजनी गटात ट्रॅक्टर चालकासह तोलला जातो, त्यामुळे मर्यादेपेक्षा जास्त वजन कोणालाच घेता येत नाही. आहे ते वजन कुठे ठेवायचे, एवढेच बांधणाऱ्याच्या हाती उरते. साखळीची ओढ ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ज्या दांड्याला साखळीचा हुक अडकतो त्याच्या, उंचीवर लागते आणि चाकांचा जोर जमिनीच्या पातळीवर. उंचीतल्या या फरकामुळे ट्रॅक्टरचे नाक वर येऊ पाहते, आणि पुढच्या चाकांवरून जितका भार उतरतो तितकाच मागच्या चाकांवर चढतो. ओढीला ड्रॉबारच्या उंचीने गुणून दोन एक्सलांमधील अंतराने भागले की हा भार मिळतो. ओढ 400 किलो, उंची 33 सेंटिमीटर आणि अंतर 115 सेंटिमीटर धरले, तर तो सुमारे 115 किलो भरतो. म्हणजे उभ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर साधारण तेवढेच वजन असावे, जेणेकरून ऐन ओढीत ती चाके जमिनीला जेमतेम टेकलेली राहतील आणि सगळे वजन मागच्या टायरांच्या कामी येईल. त्याहून जास्त ठेवले, तर वरचे प्रत्येक किलो ओढीच्या दृष्टीने वाया जाते; कमी ठेवले, तर नाक उचलले जाऊन मागचे व्हीली बार (ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून लावलेले दांडे) जमिनीला टेकतात आणि टायरांचा भार स्वतःवर घेतात. शिवाय हुक एक्सलच्या बराच मागे असेल, तर नाक वर जाताच तो खाली येतो आणि सगळा हिशेब बदलतो. ओलसर, घट्ट दाबलेल्या मातीत पकड अधिक मिळते, भुसभुशीत मातीत कमी. म्हणून पुढची वजने चटकन काढता-घालता येतील अशीच बसवावीत.

इंजिनाकडे यानंतर वळावे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये आणलेल्या कब कॅडेटचे जुने गिअरचे ट्रॅक्टर या खेळात आवडीने वापरले जातात, आणि त्याचे कारण सरळ आहे: पहिले मॉडेल सोडले तर त्यांत इंजिनाची ताकद पट्ट्याने नव्हे, तर शाफ्टने गिअरबॉक्सला पोहोचते, त्यामुळे पट्टा घसरण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांतल्या कोहलर कंपनीच्या के मालिकेच्या एक सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि दणकट असतो. मात्र गव्हर्नर, म्हणजे वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, ते मिनिटाला सुमारे 3,600 फेऱ्यांवर रोखून धरतो. ती मर्यादा उठवून 7,200 फेऱ्या गाठल्या, तर वेग दुप्पट होतो, पण पिस्टनच्या येण्याजाण्याने कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर) येणारा ताण चौपट होतो, आणि फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकाला, फोडू पाहणारा ताणही तितकाच वाढतो. ओतीव लोखंडाचे मूळ फ्लायव्हील या वेगाला फुटले, तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. म्हणून पोलादी फ्लायव्हील, मजबूत रॉड आणि इंजिनाभोवती जाड संरक्षक पत्रा यांवर मी कधीही काटकसर करू देणार नाही. मोठ्या के इंजिनांतले, थरथर कमी करणारे बॅलन्स गिअरही काढून टाकावेत. ते तुटले की ब्लॉक फोडतात. ट्रॅक्टर स्लेडपासून सुटताच इंजिन बंद पाडणारा किल स्विच तर हवाच.

प्रत्यक्ष ओढीत क्लच हळू सोडून आधी साखळी ताणून घ्यावी आणि मगच थ्रॉटल उघडावा. ढिल्या साखळीला हिसका बसला की नाक एकदम उसळते आणि टायर जागीच खड्डा करतात. मधे गिअर बदलायला सवड नसते, म्हणून सुरुवातीलाच असा गिअर निवडावा की पेटी मागे असेतो ट्रॅक्टर चांगला वेग घेईल आणि शेवटच्या काही फुटांत इंजिनाचा दम मोडणार नाही. तिथे तो साठलेला वेगच ट्रॅक्टरला हातभर पुढे नेतो, आणि तुल्यबळ ट्रॅक्टरांमध्ये निकाल बहुतेक वेळा तेवढ्याच अंतराने लागतो.