एफवायचं वर्ष आणि कमी बोलणारी मुलं

ॲडमिशन झाली तेव्हापासून जो तो मला एकच सांगायचा, पुण्याला चाललीस तर आता जरा बोलायला शिक. आत्या, मामा, शेजारच्या काकू, शाळेतल्या मॅडम, सगळे. आता माझं एफवाय बीएस्सी संपलंय आणि मला मनापासून वाटतं की या सल्ल्याची सुरुवातच उलटी आहे. लाजाळू मुलांना बोलता येतं हो, त्यांना बोलायला निमित्त लागतं. हातात काहीतरी काम असलं आणि शेजारचाही त्याच कामात अडकलेला असला की तोंड आपोआप उघडतं, नुसतं "चला, ओळखी करून घ्या" म्हटलं की घसा कोरडा पडतो.

मी गंगाखेडची, परभणी जिल्हा. तिथे बारावीपर्यंत सोबतच्या मुली बालवाडीपासूनच्याच होत्या, मैत्री मुद्दाम कधी करावीच लागली नाही. इथे पहिल्या आठवड्यात दीक्षारंभ होता, म्हणजे यूजीसीचा नवीन विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम, लायब्ररी दाखवतात, एनएसएस-एनसीसीची माहिती देतात, हेतू खरंच चांगला आहे. पण आमच्या इथे माईक फिरवून सगळ्यांचा इंट्रो घेतला आणि माईक दोन-तीन रांगा लांब असतानाच माझे हात गार पडले, नाव-गाव सांगून खाली बसले आणि माझ्यानंतरच्या कितीतरी जणांची नावं मला ऐकूच आली नाहीत. भरलेल्या हॉलमध्ये अशी कुणाची ओळख होते? त्यापेक्षा पाच-सहा जणांचे ग्रुप पाडून काहीतरी करायला द्या ना.

पहिले दोन महिने सगळ्यात जड गेले ते रविवार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, म्हणजे रूममधली एक कॉट भाड्याने, रविवारी संध्याकाळी मेस बंद, रूममेट तिच्या मावशीकडे हडपसरला जायची. एकटीने हॉटेलात जाऊन टेबलावर बसायचं धाडस होत नव्हतं म्हणून केळी आणि बिस्किटं आणून खायचे आणि आईचा फोन आला की जेवले म्हणून सांगायचे. एफसी रोडला एवढी गर्दी असते पण त्या गर्दीत जास्तच एकटं वाटतं, हे बाहेरगावाहून आलेल्या बहुतेकांना माहीत असेल.

फरक पडायला लागला तो केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. रोल नंबरप्रमाणे जोड्या लावल्या, माझ्या वाट्याला जुन्नरची एक मुलगी आली, तीही माझ्यासारखीच गप्प. ॲसिड-बेस टायट्रेशन होतं, म्हणजे ॲसिडमध्ये थेंब थेंब बेस सोडून तो किती लागतो ते मोजायचं. ती ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड सोडणार आणि मी पांढऱ्या टाइलवर फ्लास्क गोल गोल हलवत राहणार, आत रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकलेले. गुलाबी रंग येतो, हलवलं की जातो, परत येतो, परत जातो, आणि मग एका थेंबाला तो फिका गुलाबी तसाच राहतो. तिथे गप्प बसून चालतच नाही. "सोड. अजून एक. थांब थांब थांब!" एवढंच मी ओरडले असेन पण पुण्यात आल्यापासून मी इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. रीडिंग १०.२, परत १०.२, सीबीआर मिळाला, म्हणजे ब्युरेटचं रीडिंग लागोपाठ तेच आलं, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसलो. जर्नल पूर्ण करायला लायब्ररीत एकत्र बसलो, मग चहा, मग रविवारचं जेवणही सोबतच. तिला मी कधीच "माझी मैत्रीण होशील का" असं विचारलं नाही, तिनेही नाही.

ती कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीत काम करते. विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने आहे, तासाप्रमाणे मानधन मिळतं, त्यात तिचा मेसचा बराचसा खर्च निघतो. पण ती म्हणते पैशाइतकाच दुसरा फायदा झाला, काउंटरवर पुस्तक घ्यायला जो येतो त्याच्याशी दोन वाक्यं बोलावीच लागतात, आणि ती वाक्यं आधीच ठरलेली असतात त्यामुळे भीती वाटत नाही. मला हे फार पटलं.

माझ्यासाठी तसं काम पुरुषोत्तम करंडकाचं निघालं. १९६३ पासून चालू असलेली एकांकिका स्पर्धा, पुण्यातल्या कॉलेजांचा जीव की प्राण. स्टेजवर जायचा माझा विचारच नव्हता, मी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणारं सामान, सांभाळायचे. कंदील, ट्रंक, पितळी तांब्या, कुठल्या प्रवेशाला कुठल्या विंगेतून काय जाणार याची यादी माझ्याकडे. तालमी रात्रीपर्यंत चालायच्या आणि सगळे सीनियर मला नावाने हाक मारायचे कारण तांब्या कुठंय हे फक्त मलाच माहीत. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाच्या दिवशी आमच्या मुलांनी "अरे आव्वाज कुणाचा" सुरू केलं तेव्हा मीही त्यात होते, अगदी घसा बसेपर्यंत.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगते. बुजरेपणा वेगळा आणि झोप उडणं, जेवण तुटणं, दिवसच्या दिवस रूमबाहेर न पडणं वेगळं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीचं असं झालं होतं आणि सगळे तिला "लाजरी आहे" म्हणून सोडून देत होते. तिने शेवटी १४४१६ ला फोन केला, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुणी जवळचं असं दिसलं तर नंबर नुसता फॉरवर्ड करू नका, ती फोन लावते तेव्हा शेजारी बसा.

पावसाळ्यात आता परत तालमी सुरू होतील. यंदा जी मुलं एफवायला आलीत आणि इंट्रोच्या वेळी ज्यांचे हात गार पडलेत त्यांनी कॉलेजच्या कलामंडळात जाऊन "बॅकस्टेजला कोणी हवंय का" एवढं एकच वाक्य विचारायचं. बॅकस्टेजला माणसं नेहमीच कमी पडतात.