107 दिवसांचं सरकार

1 ऑक्टोबर 2013, मंगळवार. अमेरिकी सरकारचं नवं आर्थिक वर्ष सुरू झालं, पण संसदेने, म्हणजे इथल्या काँग्रेसने, त्याचा पैसाच मंजूर केला नव्हता. त्या दिवशी आम्हाला ऑफिसात बोलावलं होतं ते ऑफिस बंद करायला. जास्तीत जास्त चार तास. फर्लोच्या, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेच्या, पत्रावर सही करायची, फोनवर निरोप रेकॉर्ड करायचा, सरकारी लॅपटॉप कपाटात ठेवून घरी जायचं. मी तेव्हा वॉशिंग्टनमध्ये एका केंद्रीय खात्याच्या बजेट विभागात होते. पैसा मंजूर नसताना सरकारला फुकटची सेवाही घेता येत नाही, असा 1884 चा कायदा आहे. त्यामुळे घरी बसून ईमेल उघडायलाही बंदी.

"संप आहे का गं?" आईने सांगलीहून विचारलं. ती निवृत्त शिक्षिका. 1977-78 चा 54 दिवसांचा संप केलेली. तिला वाटलं, लेकही आपल्याच वळणावर गेली.

"संप नाही गं, उलटं आहे. आम्ही यायला तयार, सरकारच येऊ देत नाही."

आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान असतं, आणि लोकसभेने पैसा नाकारला तर सरकारच पडतं. इथे अध्यक्ष जागेवर, काँग्रेस जागेवर. दारं बंद होतात ती आमची. ओबामांच्या आरोग्य कायद्याचा पैसा तोडा, नाहीतर निदान तो लांबवा, हा रिपब्लिकनांचा हट्ट; सिनेटमधले (वरच्या सभागृहातले) ओबामांच्या पक्षाचे डेमोक्रॅट ऐकेनात. गंमत म्हणजे, घरी बसवलेल्यांना मागाहून पगार द्यावा हे विधेयक हाउसने (खालच्या सभागृहाने) 5 तारखेला 407 विरुद्ध 0 मतांनी मंजूर केलं. म्हणजे पगार द्यायचा हे एकमताने, काम करू द्यायचं की नाही यावर भांडण! पुढच्या पगारात सप्टेंबरच्या सहा दिवसांचेच पैसे आले. घराचा हप्ता मात्र पूर्ण महिन्याचा.

16 ला रात्री टीव्हीसमोर बसले. आधी रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी दोन्ही पक्षांचे मिळून 14 सिनेटर गोळा करून मसुदा पुढे रेटला होता. त्यातून वाट निघाली आणि शेवटचा सौदा सिनेटमधले दोन्ही पक्षांचे नेते, डेमोक्रॅट हॅरी रीड आणि रिपब्लिकन मिच मॅकॉनेल, यांनी केला. सिनेटमध्ये 81-18. हाउसमध्ये 285-144, आणि विरोधातली ती सगळी 144 मतं रिपब्लिकन. स्वतःच्या पक्षातले बहुसंख्य विरोधात असताना हाउसचे रिपब्लिकन सभापती बेनर यांनी विधेयक मतदानाला आणलं, हे मला त्यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. मध्यरात्रीनंतर ओबामांची सही झाली. सकाळी कामावर या, असा निरोप त्याआधीच आला होता.

17 ला मेट्रोच्या रेड लाइनचा डबा पंधरवड्यानंतर पुन्हा खच्चून भरलेला. कधी नव्हे ते कुणी कुरकुरत नव्हतं. लॅपटॉपचा पासवर्ड आठवायलाच दहा मिनिटं गेली. मग कायद्याचा मसुदा उघडला. आरोग्य कायद्याबद्दल रिपब्लिकनांच्या पदरात काय पडलं? आरोग्य विम्यासाठी अनुदान घेणाऱ्यांचं उत्पन्न तपासावं, एवढंच कलम. शिवाय दिवंगत सिनेटर लॉटनबर्ग यांच्या पत्नीला 1,74,000 डॉलर, आणि ओहायो नदीवरच्या एका धरणाची खर्चमर्यादा वाढवून 291.8 कोटी डॉलर. घाईच्या विधेयकात असली गाठोडी नेहमीच निघतात.

माझ्या कामाचा आकडा वेगळाच होता. पैसा मिळाला होता तो 15 जानेवारीपर्यंत, म्हणजे 365 पैकी 107 दिवसांचा. वर्षाच्या रकमेचे 29.32 टक्के. एक्सेलमध्ये खर्चाच्या प्रत्येक खात्यापुढे तोच गुणक बसवत गेले. शेजारचा सहकारी मान वर न करता म्हणाला, "बंदचे सोळा दिवस वजा करायचे?" नाही. तेही 107 मध्येच. आम्ही घरी बसलो त्या दिवसांचा पैसाही, आता कायद्याने, खर्ची पडणार होता. कुलूप लावून एका सेंटचीही बचत झाली नव्हती, आणि त्या बेरजा मीच करत होते.

चार वाजता साहेबांनी कळवलं, बंदच्या तयारीची फाइल फेकू नका, फक्त तारखा बदलून ठेवा. जुन्या पत्रात 1 ऑक्टोबर खोडून 16 जानेवारी घातली.

रात्री आईला फोन केला. मिटलं म्हणून ती खूश.

"किती दिवसांसाठी मिटलं?"

"15 जानेवारीपर्यंत."

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अगं, 15 म्हणजे किंक्रांत. त्या दिवशी कुणी काही ठरवतं का?"