पितृपक्षातलं शोरूम

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

जीएसटी कौन्सिलची बातमी रात्रीच आली होती, सकाळी पेपरात तक्ते. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के अधिक सेस होता तो सरळ १८ टक्के, २२ तारखेपासून. नवी गाडी बुक करून बसलेल्यांच्या घरी आज पेढे वाटले असतील. आमचा धंदा जुन्या गाड्यांचा. सात लाखांची नवी गाडी जवळपास साठ हजारांनी उतरली की तिचीच चार वर्षं वापरलेली बहीण आमच्या यार्डात आपोआप उतरते, आणि ती आम्ही जुन्या भावानं विकत घेऊन ठेवलेली असते. आमच्या मार्जिनवरचा कर मात्र तसाच १८ टक्के. लहान गाड्यांना तो बारा होता, जानेवारीत वाढला.

दुपारी भावजींनी नव्या जागेच्या दुरुस्तीचा आठ लाखांचा कागद टेबलावर ठेवला आणि काही न बोलता चष्मा काढला. मी म्हटलं, आठाचे पाच करू. ते म्हणाले, "वहिनी, पाचात रंग आणि पंखे होतील." ह्यांनी नेहमीप्रमाणे दोघांनाही मान डोलावली.

करार मागे घेता येणार नाही, नोंदणी झालेली आहे. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरपासून चालत जाण्यासारखं, पूर्वीचं दुचाकीचं शोरूम. पाच वर्षांचं लिव्ह अँड लायसन्स, पहिली तीन वर्षं लॉक-इन, म्हणजे मधे सोडता येत नाही, भाडं महिना ६५ हजार. मालककाकांना जीएसटी नंबर नाही, म्हणून गेल्या ऑक्टोबरपासूनच्या नियमानं भाड्यावरचे १८ टक्के आम्हीच भरायचे. म्हणजे आणखी ११,७००. भाडं कमी करा म्हटलं तर काका म्हणतात, "ताई, आता हायकोर्टाचं बेंच आलंय गावात. वकील मागं लागलेत माझ्या." बेंच सुरू होऊन अडीच आठवडे झालेत, आणि कोल्हापुरातला प्रत्येक गाळेवाला वकिलांची वाट बघत बसलाय.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

पितृपक्षात काम सुरू करायचं नाही, असं आईंनी बजावलं. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात पितृपक्षाएवढा रिकामा पंधरवडा दुसरा नाही. कुणी टोकनसुद्धा देत नाही, फोन येतो तो "घटाला येतो" म्हणून. दुरुस्तीला ह्याहून चांगले दिवस कुठून आणायचे? तोडगा आईंनीच काढला: नारळ आज फोडायचा, मग काम मधे चालू राहिलं तर ते "चालू" काम. सकाळी मिरवणुकीची गर्दी व्हायच्या आत नारळ फोडला आणि मिस्त्रीनं भिंतीवर एक हातोडा मारला. उद्या ग्रहण, त्यामुळे उद्याची सुट्टी त्यानं आधीच जाहीर केली.

८ सप्टेंबर, सोमवार

आधीच्या भाडेकरूनं हॉलच्या तिन्ही भिंतींना प्लायवुडचं पॅनेलिंग केलं होतं. दिसायला बरं होतं, मी ते धुऊनपुसून ठेवायच्या विचारात होते. एका कोपऱ्यात प्लाय फुगलेला दिसला म्हणून मिस्त्रीनं पहार घातली आणि अख्खा ताव हातात आला. मागं काळी भिंत, खालून लोणा, म्हणजे ओलीबरोबरचा खार, चढलेला, आणि माझ्या कमरेच्या चार बोटं वर एक सरळ रेघ. तिच्या खाली दुसरी, जरा पुसट.

जागा बघायला आलो तेव्हा काकांना विचारलं होतं, पुराचं पाणी आलं होतं का? तेव्हा उत्तर होतं, "पायरीपर्यंत." आज फोन केला तर म्हणाले, "दोन हजार एकोणीसला कुणाच्यात आलं नाही, सांगा." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या माहेरीही आलं होतं.

भावजी चिडले, मी मात्र मनातून सुटले. कारण सकाळपासून आर्किटेक्टच्या चित्रातलं काय काय कापायचं ह्यावर डोकं लढवत होते, आणि आता भिंतीनंच सांगून टाकलं. रेघेच्या खाली प्लाय नाही, पीओपी नाही, जिप्सम नाही, स्विचबोर्ड नाही. खराब गिलावा सोलून सिमेंटचा साधा गिलावा, तो नीट वाळू द्यायचा, वर गडद करडा ऑइल पेंट, पाइप मारून धुता येईल असा. रेघेच्या वर पांढरा. दुकानात शिरणाऱ्याला ते दोन रंग डिझाइन वाटेल. वाटू दे.

आणि जे भिंतीला नाही लावायचं ते सुटं करायचं. काउंटरला चाकं. सोफा नको, उचलता येतील अशा खुर्च्या. फायलींचं कपाट माळ्यावर. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्या गाड्या ३९ ला हलायला लागतील, आणि त्या दिवशी ड्रायव्हर गाड्या काढतील की फर्निचर? भाडेकरारही तेच मागतो. पाच वर्षांनी जागा सोडताना जे स्क्रू काढून नेता येईल ते आपलं, बाकी काकांचं. पूर आणि करार, दोघांचं म्हणणं एकच निघालं, त्यामुळे आज संध्याकाळपर्यंत निम्मी यादी कापून झाली.

१० सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस फरशीचा.

कागदावर व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या, दोन बाय दोनच्या. हॉल १,६०० चौरस फूट, जुनी फरशी उखडणं, माल, मजुरी धरून सव्वादोन लाखांच्या वर. दुसरा माणूस इपॉक्सी, म्हणजे फरशीवर ओतायचा चकचकीत रासायनिक थर, घेऊन आला होता. मोबाइलवर चमचमीत फोटो. त्याला म्हटलं, खालून ओल आहे. तो म्हणाला, प्रायमर मारू. पण ओलीवर इपॉक्सी फुगून सुटतो, आणि लांबून चालवत आणलेल्या गाडीचे तापलेले टायर त्याला चिकटून पापुद्रे काढतात, हे आमच्याच एका ओळखीच्या गॅरेजात बघितलंय.

खाली आहे ती जुनी मोझॅकची फरशी, करडी, बारीक काळ्या-पांढऱ्या खड्यांची. वीस-पंचवीस वर्षांचा मेण आणि ऑइल तिच्यावर. पॉलिशवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी खिशातून रुपया काढला आणि ओणव्यानं फरशी वाजवत निघाले. टणटण, टणटण, मग एकदम डबडब. जिथं डबडब तिथं खडूची फुली. "इथं स्कूटर उभी राहिली म्हणून टिकली. गाडीचं चाक आलं की बसली." बरोबरच आहे. दीड टनाची एसयूव्ही म्हणजे एकेका चाकाखाली पावणेचारशे किलो, आणि फरशीखाली पोकळी असेल तर टाइल नवी असो की जुनी, फुटणारच. नव्या टाइल्ससुद्धा चार कोपऱ्यांना मालाचे गोळे टाकून बसवल्या की हेच होतं, असं चाचांचं म्हणणं.

फुलीच्या फरश्या काढून खाली माल भरायचा. फुटतील त्यांच्या बदल्यात मागच्या ऑफिसातल्या तशाच फरश्या काढून आणायच्या, आणि ऑफिसात कोटा टाकायचा; तिथं गाडी जात नाही. मग जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत मशीन, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. सगळं धरून ३८ हजार.

आर्किटेक्ट फोनवर म्हणाला, मोझॅक जुनाट दिसेल. जुन्या गाड्या विकतो आम्ही, म्हटलं.

१२ सप्टेंबर

मशीनची रबडी सगळीकडे. गवंड्याच्यात आज म्हाळ, रंगाऱ्याच्यात उद्या. मिस्त्री दोन्हीकडे जेवायला. पितृपक्षात माणसं रिकामी मिळतात हे खरं, फक्त दुपारी बारानंतर मिळत नाहीत.

१५ सप्टेंबर, सोमवार

लाईटवरून घरात भांडण झालं. लिहून ठेवते.

छताला आधीचे आठ मेटल हॅलाइड दिवे होते, २५० वॉटचे. लावल्यावर उजेड पडायला पाच मिनिटं, आणि वीज गेली की गार होईपर्यंत परत लागायचं नाव नाही. ते काढणार हे ठरलेलंच होतं. भावजींना त्या जागी स्पॉटलाइट हवे होते, प्रत्येक गाडीवर दोन. त्यात गाडी झळकते हे खरंच. मला हव्या होत्या साध्या चार फुटी बॅटन, म्हणजे ट्यूबसारख्या एलईडी पट्ट्या, गाडीच्या लांबीला समांतर, ओळीनं, दहा फुटांवर टांगलेल्या. ४८ बॅटन, वीस वॉटच्या, सगळ्या मिळून एक किलोवॉटच्या आत. टांगायच्या चौकटी उद्यमनगरातून, नटबोल्टच्या. सगळे धरून ४१ हजार, आणि सगळे परत नेता येतात.

पैशांवर भांडण नव्हतंच. सलग ओळीचा उजेड बॉनेटवर, दारांवर सरळ रेघ पाडतो, आणि जिथं ठोकलेलं असेल तिथं ती रेघ वाकते. डेंटिंगवाले गाडी तपासायला असलीच लांब ट्यूब फिरवतात. भावजी म्हणाले, "वहिनी, आपल्याच दुकानात आपणच खोट दाखवायची?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आता फिटर घेऊन येतं, फिटरच्या खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. कंपनीचा रंग शे-दीडशे मायक्रॉन, आकडा तीनशे दाखवला की त्याला कळतंच. स्पॉटखाली आपण काय झाकणार? ते म्हणाले, प्रत्येकाकडे यंत्र नसतं. हेही खरं आहे, आणि ज्याच्याकडे नसतं तोच सहा महिन्यांनी चार जणांना घेऊन परत येतो.

हे म्हणाले, बॅटन. पहिल्यांदाच कुणा एकाची बाजू घेतली. भावजी जेवले नाहीत.

वर इलेक्ट्रिशियनला सगळ्या साडेसहा हजार केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) हव्या होत्या, "पांढराशुभ्र पडतो". त्यात पांढरी गाडी निळसर दिसते आणि मोतिया पांढरी नि साधी पांढरी एकच वाटतात. आमच्या निम्म्या गाड्या पांढऱ्या. चार हजारच्या मागवल्या. दोन दिवस जास्त लागले.

१७ सप्टेंबर

दर्शनी भाग. चित्रात पूर्ण ४० फुटांवर एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियमचं पॅनेल, होतं, ते गेलं. मधे पंधरा फुटांची लोखंडी चौकट, तिच्यावर अॅक्रिलिकची अक्षरं, आतून एलईडी. बाकी भिंत रंगवून मोकळी. बोर्डवाल्यानं इंग्रजी अक्षरं मोठी नि मराठी खाली बारीक असा नमुना आणला होता. कायद्यानं मराठी आधी हवी आणि इतर लिपीहून लहान चालत नाही, २०२२ पासून दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही. त्याला माहीत होतं, तरी आणला. आम्ही इंग्रजी काढूनच टाकली, तेवढीच आठ हजारांची बचत.

टफन काच आहे तीच ठेवली. दाराची फ्लोअर स्प्रिंग तेवढी बदलली.

१८ सप्टेंबर

मागच्या पत्र्याच्या शेडमधे रात्रीच्या पावसानं पाच ठिकाणी गळती. पत्रे चांगले आहेत, जे-बोल्टचे वॉशर वाळून तडकलेत. सगळे वॉशर बदलायला सांगितले. नवे पत्रे सुचवणाऱ्याला चहा पाजून पाठवला.

विजेचा मंजूर लोड वाढवायचा अर्ज अजून तिथंच. मीटर काकांच्या नावावर, त्यांची संमती दिली, सही जुळत नाही म्हणून परत आला. काकांचा हात थरथरतो. सही कशी जुळायची?

२० सप्टेंबर, शनिवार

काका बघायला आले. फरशीवर चप्पल काढून उभे राहिले आणि बराच वेळ खालीच बघत होते. ही त्यांच्या वडिलांनी घातलेली फरशी, आज कळलं. मी यादी पुढे केली: लाईट, चौकटी, बोर्ड, काउंटर, दोन्ही एसी, इन्व्हर्टर हे आमचं, जाताना नेणार, गिलावा, वायरिंग, संडासातली नवी भांडी, वॉशर त्यांचं. दोघांच्या सह्या. त्यांनी सगळी वाचली आणि विचारलं, "पॉलिश कुणाचं?"

तुमचंच, म्हटलं. खूश झाले. भाड्यात काही सोडलं नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसवून दहाला दार उघडलं. नव्या गाड्यांच्या शोरूमला आजपासून नवे भाव, तिथं रांगा. आमच्याकडे दिवसभरात बघे बरेच, त्यातले अर्धे अंबाबाईला आलेले आणि पार्किंग शोधणारे. एकूण खर्च चार लाख ४१ हजार. उरलेले ५९ हजार लोडच्या कामाला आणि गाड्यांचे भाव उतरवताना जे जाईल त्याला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली गाडी गेली. कागलचं कुटुंब, मुलगी, आई, वडील, बरोबर फिटर नाही. मुलगी करड्या हॅचबॅकभोवती फिरली, मागच्या डाव्या दाराशी थांबली आणि रेघेकडे बोट दाखवून म्हणाली, "हे असं का दिसतंय?" भावजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पंधरा सप्टेंबरचं अख्खं भांडण होतं. मग तेच म्हणाले, दार ठोकून रंगवलंय, गेटला घासलं होतं, बाकी गाडी कंपनीच्या रंगात आहे. पंधरा हजार सोडावे लागले. वडिलांनी बिलावर दाराचं लिहून मागितलं, लिहून दिलं. डिलिव्हरी दसऱ्याला, सकाळी, हार त्यांचा.

संध्याकाळी भावजी यार्डातून गाड्या आत लावत होते, एकेक ओळीखाली थांबवून, उतरून, दारं बघत. रंगवलेल्या दोन बाजूला काढल्या. त्यांचे भाव उद्या बसून ठरवायचे. लोडचा अर्ज मंजूर झाला नाही, तोवर एकच एसी.