एका पातेल्याचा भात

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की आमच्या घरी स्वयंपाकाचा विचार पदार्थापासून नव्हे, तर ओट्यापाशी किती वेळ उभे राहावे लागेल या हिशेबापासून सुरू होतो. कूलरची हवा स्वयंपाकघराकडे वळवली तर गॅसची ज्योत फडफडते आणि न वळवली तर रांधणाराच शिजतो. अशा पेचातल्या माणसाला पोळ्या लाटायला सांगणे हा शुद्ध क्रूरपणा आहे. सॉसेज-भात मी शिकलो तो या पेचातून.

गोठवलेल्या पाकिटात मिळणारी चिकन सॉसेज बहुधा आधीच शिजवलेली असतात, त्यामुळे आपल्याला ती फक्त तांबूस करायची असतात. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेलावर त्यांच्या चकत्या पसराव्यात आणि मग, हे फार अवघड आहे, त्यांना हातही लावू नये. तळाशी जो तपकिरी थर धरतो, तो पहिल्या खेपेस मी करपले समजून घासून धुऊन टाकला होता, आणि नंतरचा भात आजाऱ्याच्या पेजेइतका मिळमिळीत झाला. साऱ्या भाताची चव त्या थरातच असते. कांदा घातला की त्याला पाणी सुटते आणि उलथन्याने तो थर अलगद सुटून येतो. मग लसूण, सिमला मिरची, चमचाभर भिवापुरी तिखट, वीस मिनिटे भिजवून निथळलेले तांदूळ आणि त्यांच्या दुप्पट कढत पाणी. सॉसेज मुळातच खारट असल्याने मीठ मात्र हात राखून घालावे.

तांदळाच्या बाबतीत मी हट्टी आहे. बासमती दिसायला देखणा, पण तो आपलाच सुगंध मिरवतो; पातेल्यातला रस मुकाट्याने पिऊन घेणारा तांदूळ म्हणजे एचएमटी. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत हे वाण सिद्ध केले. त्याला नाव मिळाले ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे. २०१८ मध्ये दादाजी गेले. या तांदळाने जेवढी पोटे भरली, त्या मानाने त्यांच्या पदरात फारच थोडे पडले, असे मला वाटते.

मंद आचेवर पंधरा मिनिटे आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता आणखी दहा मिनिटे, एवढा वेळ मी कूलरसमोर बसतो. एकदा नेमकी या दहा मिनिटांत आई आली. ती सामिष खात नाही, पण नाक तिचे शाबूत आहे.

"काय करून राहिला रे?" असे विचारीत तिने लांबूनच पातेल्यात डोकावले आणि म्हणाली, "हा तर गोळाभातच झाला की!"

मी वाद घातला. गोळाभातात डाळीच्या भरड्याचे मसालेदार गोळे शिजत्या भातात सोडतात आणि तेल वाढताना वरून येते. माझ्या भातात ते आधीच खाली असते. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"मग वरूनही घाल थोडे. कोरडा दिसून राहिला."

मोहरी, हिंग आणि सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी मी, खरे सांगायचे तर तिचा मान राखण्यापुरती, त्या भातावर ओतली. सॉसेजच्या धुरकट चवीला हिंग शोभेल यावर माझा विश्वास नव्हता. परंतु मुलीने दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि तळाची खरवडही मागितली. तेव्हापासून फोडणी ठरलेलीच आहे, आणि पातेल्याबरोबर फोडणीची पळीही घासावी लागते.