पाण्याचा दिवस

आज पाणी होतं. सोलापुरात राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको, चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि त्या दिवशी ऑफिस, शाळा, स्वयंपाक सगळं नळाच्या मागून. पण मला आज लिहायचंय ते पाणी भरण्याबद्दल नाही, ओतून देण्याबद्दल.

आमच्या गल्लीत पाणी सुटलं रे सुटलं की आधी बॅरल आडवे होतात. कालपर्यंत जपून वापरलेलं, अर्धं अर्धं बॅरल पाणी सरळ गटारीत, का तर ते शिळं झालं. चार दिवस पोरांना "बादली अर्धीच घे" म्हणून ओरडायचं आणि पाचव्या दिवशी तेच पाणी रस्त्यावर. मला हे बघवत नाही.

कारण ते पाणी येतं कुठून बघा. उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटर पाईपलाईनने, पंपांनी ढकलत. त्या पंपांना वीज लागते आणि आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. म्हणजे गटारीत बादलीभर पाणी गेलं की त्यासोबत थोडा कोळसा पण फुकट जळला. उजनी भरली की ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठाच, म्हणजे तळाचं, सहज बाहेर न येणारं पाणी. त्या पाण्याला हात लागला की मायनस, म्हणून तर उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" हे दरवर्षी ऐकायचं. २०२४ ला तर ती मायनसमध्ये पार खोल गेली होती, आणि पाणी खाली गेलं की दुबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसायचं, आणखी वीज. हे सगळं डोक्यात बसल्यापासून मला नळ म्हणजे नुसता नळ वाटतच नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "अगं, साठवलेल्या पाण्यात डास होतात, डेंग्यू होतो, मग?" आणि हे खरंच आहे, डेंग्यूचा डास असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून बॅरल आठवड्यातून एकदा रिकामं करून, घासून, कोरडं करायलाच पाहिजे. मी म्हटलं, "आई, रिकामं करायचंच ओ, पण गटारीत कशाला?" आता आमच्यात असं ठरलंय की चादरी, पायपुसणी, फरशी, गाडी ही सगळी कामं पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी. नळ येईपर्यंत बॅरल आपोआप तळाला आलेलं असतं, मग घासणी फिरवायची. सोलापुरी चादर एक धुवायची म्हटली तरी किती पाणी पिते ते घरच्या बाईला विचारा! प्यायचं मात्र ताजंच भरतो, त्यात सासूबाई कुणाचं ऐकून घेत नाहीत आणि माझीही हरकत नाही.

आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी पण बादलीत धरते, ते भांड्यांच्या पहिल्या हाताला आणि संडासला. झाडांना रोज नाही घालत, त्यात क्षार जास्त असतात.

बाकी पिशवी घरून नेणं वगैरे चालूच आहे, त्यात विशेष काही नाही. ज्वारीचं मात्र लिहिते. आपली मालदांडी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते, उसासारखं पाणी मागत नाही. पोरांना चपाती हवी असते, पण आठवड्यातले बरेच दिवस भाकरीच करते, आणि कडक भाकरी शेंगाचटणीसोबत दिली की तेही गप्प खातात.

शेजारच्या काकूंना आज आदल्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं धुणं सकाळीच होतं बाई, संध्याकाळी मी एकटी असते, बॅरल वाकवायला कोण येणार?" खरंय त्यांचं, त्यांना बॅरल हलत नाही म्हणूनच त्या एकदम आडवं पाडून मोकळ्या होतात. बॅरलला तळाशी तोटी बसवून मिळते, प्लंबरला विचारलंय, रविवारी येतो म्हणाला. आधी त्यांचं बसवून घेऊ, मग आमचं.