आयर्विनला पस्तीस झाले की बंड्या मिरजेला

जुलै लागला की सांगलीत कुणाशीही बोलणं सुरू होतं ते 'आयर्विनला किती?' या प्रश्नानं. मग कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय चाललंय, वारणेचा जोर कसा आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ साली पाणी ५३ च्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या पुढे, २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

आमच्या घरात आणखी एक आकडा चालतो, ३५. तो बंड्या आणि मनीचा. बंड्या गावठी कुत्रा, तांबडा, एक कान कायम पडलेला. मनी मांजर, आणि तिच्या मते घर तिचंच आहे.

आम्ही कर्नाळ रोडच्या बाजूला, सखल भागात राहतो. चाळीसची वाट बघत बसलं तर माणसं निघतात, जनावरं अडकतात. रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं की रिक्षावाला कुत्र्याला घेत नाही. बोट आली की आधी म्हातारी माणसं आणि लेकरं, आणि ते बरोबरच आहे. त्या घाईत बोटवाल्याशी 'आमचा काही करत नाही हो' असा वाद घालण्यात अर्थ नसतो. निवारा केंद्र म्हणजे शाळेचा वर्ग, त्यात कितीतरी कुटुंबं. तिथं कुत्रा न्यायचा कुठं? म्हणून पस्तीस फूट झाले की जनावरं कोरड्या रस्त्यानं, दिवसाउजेडी, माणसांच्या आधी जातात. सासूबाई म्हणतात, "माझ्या आधी कुत्र्याचं तिकीट काढलंय." पण पातळी सगळ्यात आधी त्याच विचारतात.

जायचं कुठं हे पावसाळ्यात ठरत नाही. मिरजेला आत्याबाई आहेत, घर उंचावर. मे महिन्यात आंबे घेऊन जायचं आणि विषय काढायचा. आत्याबाई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे बंड्याच्या चिकनभाताला त्या घरात बंदी. अट मान्य करून आलो आणि त्याला आधीपासूनच थोडं थोडं कोरडं खाणं लावलं. रोजच्या जेवणात आठ-दहा दिवस हळूहळू वाढवत नेलं की पोट बिघडत नाही. पुराच्या दिवशी एकदम नवीन पाकीट फोडलं तर वास्तव्याच्या पहिल्याच रात्री आत्याबाईंची फरशी धुवायची वेळ येणार.

लसही मेमध्येच. रेबीजची तर हवीच, पण आमच्या भागात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, विसरायची नाही. उंदरांच्या लघवीतून तो जंतू पुराच्या पाण्यात उतरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून पाणी चढायला लागल्यावर डॉक्टरांकडे धावून उपयोग नसतो. लसीच्या कार्डाचा फोटो आत्याबाईंच्या सुनेच्या व्हॉट्सअॅपवर असतो. सोबत माझा आणि बंड्याचा एकत्र फोटो, पडलेला कान स्पष्ट दिसेल असा. हरवला तर कुत्रा आमचाच हे सांगायला तो बरा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आहे. शाईनं लिहिलेला नंबर पहिल्याच पावसात जातो. कुणाच्या कुत्र्याला फिटची गोळी चालू असेल तर ती जास्तीची घेऊन ठेवा. ती अचानक बंद झाली की झटके परत येतात, आणि पुरात औषधाची दुकानंही पाण्यात असतात.

आता मनी. मांजराला पूर आपल्या आधी कळतो की नाही माहीत नाही, पण बॅग काढलेली नक्की कळते. माळ्यावर गेली की संपलं. म्हणून तिचा पिंजरा वर्षभर व्हरांड्यात उघडा असतो, आत सासूबाईंची जुनी सुती साडी. ती दुपारची तिथंच झोपते. निघायच्या दिवशी आवराआवरीला हात लावायच्या आधी मनीला न्हाणीघरात कोंडायचं, मग बाकीचं. पिंजरा हाताशी नसेल तर उशीचा जाड अभ्रा चालतो. मांजर आत, तोंड सैल धरायचं. ओरबाडे कमी बसतात आणि तिलाही अंधारात जरा शांत वाटतं.

बंड्याचं वेगळं. तो गरीब आहे, पण घाबरलेला गरीब कुत्रासुद्धा चावतो, म्हणून तोंडाच्या जाळीची सवय उन्हाळ्यातच लावली. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस घेतला, त्याला वरून धरून उचलता येतं. हरिपूरला संगमावर नावेतही बसवून आणलं. पहिल्यांदा थरथरला, नंतर काठावरच्या बगळ्यांवर भुंकायला लागला.

एक गोष्ट मात्र मी गल्लीत भांडून सांगते. जनावर बांधून जाऊ नका. २०१९ ला नदीकाठच्या गावांतून कितीतरी लोक गोठा सोडून निघायला तयार नव्हते, आणि मला ते समजतं. दुभती म्हैस म्हणजे घरचा पगार. पण कुणी निघालंच आणि जनावर न्यायची सोय नसेल, तर दावं सोडा, साखळी सोडा, दार उघडं ठेवा. मोकळं जनावर पोहतं, चढ शोधतं. बांधलेल्याच्या हातात काहीच नसतं.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो, मांजर पाळतो. त्यांच्याकडे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हरिकेनचा हंगाम. तो सांगत होता, २००५ च्या कतरिना चक्रीवादळात बऱ्याच लोकांनी कुत्र्या-मांजरांपायी घरं सोडली नाहीत, कारण बसमध्ये आणि निवाऱ्यात जनावरांना घेत नव्हते. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव जनावरांचाही विचार करायचा. २००५ च्याच पावसाळ्यात आपणही बुडालो होतो. आपल्याकडे हा विषय काढला की 'माणसांचं बघा आधी' हे ठरलेलं उत्तर. अहो, जनावरासाठी जो मागं राहतो तोही माणूसच ना?

पाणी उतरल्यावर घाई करायची नाही. आम्ही आधी जातो, गाळ काढतो, ब्लीचिंग पावडर टाकतो, ती धुऊन निघेपर्यंत बंड्या मिरजेलाच. तो पाय चाटतो, पावडर पोटात जाते. शिवाय गाळात साप असतात, आणि आमचं ध्यान प्रत्येक बिळात नाक घालतं.

राहिली गल्लीतली कुत्री. ती कुणाचीच नाहीत आणि सगळ्यांची आहेत. त्यांना मिरजेला कोण नेणार? आमच्या इमारतीची गच्ची कोरडी राहते, म्हणून पाणी चढायला लागलं की जिन्याचं दार उघडं ठेवायचं आणि वर एक पातेलं पाणी व कोरडं खाणं ठेवायचं, असं मी सुचवलंय. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात गच्ची घाण होईल. खालच्या वहिनी म्हणतात झाली तर मी धुते. किल्ली सध्या काकांकडे आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि कोयनेत पाऊस सुरू झालाय.